ठासणीची बंदूक : हुन्नर घरचा, परवाना कुणाचा?

आमच्या कापडाच्या दुकानात दोन मोठ्या कात्र्या आहेत. दोन्ही आमच्या वडिलांच्या वेळच्या. त्यांना धार लावण्याचे काम गेली कित्येक वर्षे एकाच घराकडे आहे. शिकलगार चाचा दर दोन महिन्यांनी येतात, कात्री कानाजवळ धरून एकदा उघडतात, एकदा मिटतात आणि आवाजावरून सांगतात की हिला सहाण पाहिजे की नुसता स्क्रू आवळायचा आहे. मशीनच्या चाकावर त्यांनी आमची कात्री कधी धरली नाही. पात्याचे पाणी उतरते, असे त्यांचे म्हणणे. थानाच्या थान कापणाऱ्या माणसाला कात्रीची किंमत कळते, म्हणून त्यांच्या हातावर आमचा पूर्ण भरोसा आहे.

२०२३ च्या दिवाळीनंतर त्यांचा मुलगा दुकानात आला. आय.टी.आय. झालेला, शिवाजी उद्यमनगरात लेथवर कामाला, आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःची ऐरण, व्हाइस व कानसी मांडून बसलेला. त्याच्या हातात जुन्या चादरीत गुंडाळलेली एक वस्तू होती. उघडून दाखवली तेव्हा आम्ही पाहतच राहिलो. शिसवीच्या लाकडाचा बंदुकीचा दस्ता. खांद्याला टेकणारा भाग, गालाला लागणारा उतार, नळी बसण्याची लांब खाच, गज सरकवण्याचे भोक, सगळे हाताने कोरलेले. त्यावर बोट फिरवले तर रेशमी कापडावर फिरवावे तसे वाटत होते.

त्याला साठ हजार रुपये पाहिजे होते. जुना छोटा लेथ विकाऊ होता, तो घ्यायचा, सहा महिन्यांत पैसे परत. माणूस माहितीचा, घर माहितीचे, हातातले काम डोळ्यांसमोर. आम्ही गल्ल्यातून नोटा काढून मोजल्याही. मोजता मोजता सहज विचारले, "बेटा, गिऱ्हाईक कोण आहे?"

तो म्हणाला, "घाटाखालचा एक जण आहे चाचा. पाच बंदुका पाहिजेत. ठासणीच्याच. पिकात डुकरं घुसतात म्हणून. रिव्हॉल्वर थोडंच आहे?"

खरे सांगायचे तर त्या क्षणी आम्हालाही त्यात फारसे वावगे वाटले नाही. शेतकऱ्याची बंदूक, तीही आजोबांच्या जमान्यातली. पण व्यापाऱ्याची सवय सुटत नाही. आम्ही विचारले, "बिल कसे करणार?" तो हसला. म्हणाला, "याचं बिल कसलं चाचा?" आमचा हात तिथेच थांबला. ज्या मालाचे बिल फाडता येत नाही त्या मालावर आम्ही आजवर पैसा लावलेला नाही. नोटा परत गल्ल्यात गेल्या. त्याला म्हटले, दोन दिवस थांब, वकिलांना विचारून सांगतो.

ते दोन दिवस आणि त्यानंतरचे काही महिने आम्ही या विषयात बरेच डोके घातले. त्यातून जे समजले ते आमच्या शिकलगार, लोहार, सुतार, खरादी भावांच्या कानावर घालावे म्हणून हा लेख.

ठासणीची बंदूक म्हणजे काय

नव्या पिढीसाठी थोडे सांगणे भाग आहे. आजच्या बंदुकीत काडतूस मागच्या बाजूने भरतात. ठासणीच्या बंदुकीत सगळे तोंडातून जाते. आधी दारू, मग बोळा, मग छर्रे किंवा गोळी, आणि लांब गजाने ते खाली ठासायचे. म्हणून नाव ठासणीची. पेटवण्याच्या रीती बदलत गेल्या. आधी जळती वात म्हणजे जामगी लावत, ती तोड्याची बंदूक. मग गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पाडणारी आली. एकोणिसाव्या शतकात तांब्याची छोटी टोपी घोड्याखाली ठेवून फोडणारी आली. आमच्या भागात जुन्या घरांतून ज्या दिसतात त्या बहुधा या टोपीवाल्या.

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. तेव्हा शब्दांची मुळे शोधण्याची खोड लागली ती अजून आहे. 'बंदूक' हा शब्द अरबी 'बुंदुक' वरून आला. त्याचा अर्थ एक गोल कवचीचे फळ, आणि त्यावरून छोटी गोळी. 'शिकलगार' मधला 'सैकल' हाही अरबी, म्हणजे घासून चमक आणणे, आणि पुढचा 'गर' फारसी. आपल्या जिल्ह्यातील आडनावेच पाहा ना : शिकलगार, गोलंदाज, बारगीर, नालबंद. एका जुन्या फौजेची हजेरी घेतल्यासारखे वाटते. फौज गेली, आडनावे राहिली.

अबुल फजलच्या आईन-ए-अकबरीत बंदुकीच्या नळीवर एक प्रकरण आहे. ते आम्ही या निमित्ताने पुन्हा काढून वाचले. पूर्वी लोखंडाचा पत्रा वाकवून कडेला कड जोडून नळी करत. अकबराच्या कारखान्यात पत्रा तिरका गुंडाळून, एका वळशावर दुसरा वळसा चढवून, तापवून तापवून सांधू लागले. त्यामुळे नळी इतकी मजबूत झाली की तोंडापर्यंत भरली तरी फुटत नसे, असे तो लिहितो. उस्ताद कबीर आणि हुसेन या कारागिरांची नावेही त्याने नोंदवली आहेत. बैल किंवा गाय जुंपून फिरवण्याच्या चाकाचेही वर्णन आहे, त्यावर सोळा नळ्या एकाच वेळी आतून साफ होत. सोळाव्या शतकात हिंदुस्थानात हे चालू होते.

नळी, कळ आणि दस्ता

शिकलगाराच्या मुलाकडून आणि जुन्या पुस्तकांतून आम्हाला या कामाची थोडी ओळख झाली. एका बंदुकीत तीन वेगळे धंदे एकत्र येतात. नळी लोहाराची, चापाची कळ शिकलगाराची, दस्ता सुताराचा. हाताने बंदूक घडवणारा माणूस या तिन्हींत उस्ताद लागतो. म्हणूनच असे कारागीर कुठल्याही मुलखात थोडे.

कळीत दोन-तीन कमानी असतात. कमानीच्या पोलादाला पाणी देणे हा खरा कसोटीचा भाग. पाणी जास्त झाले तर कमान काचेसारखी तुटते, कमी झाले तर वाकून बसते. कात्रीच्या पात्याचे तेच. शिकलगार चाचांना विचारले तर ते तापलेल्या पोलादाचे रंग सांगतात, गव्हाळ, मग जांभळा, मग निळा, आणि कोणत्या रंगावर कोणती वस्तू काढायची ते. हे त्यांना कुणी वहीत लिहून दिलेले नाही.

दस्त्याचे काम आम्हाला सर्वांत आवडले. लाकूड आधी मुरलेले पाहिजे, सावलीत वर्षे दोन वर्षे पडलेले. लोखंडी भाग लाकडात बसवताना कारागीर त्याला दिव्याची काजळी लावतो, जागेवर दाबतो आणि काढतो. जिथे काळा डाग उमटला तिथेच पटाशीने कणभर लाकूड निघते. मग पुन्हा काजळी, पुन्हा दाब. असे शंभर वेळा. शेवटी लोखंड आणि लाकूड यांच्यामध्ये कागदही शिरत नाही. शिवाय दस्ता गिऱ्हाइकाच्या मापाचा असतो. हाताची लांबी, मान, गाल, डोळ्यांची रेघ पाहून तो घडवतात. कापडाच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या आम्हाला हे चटकन उमगले. तयार कपडा वेगळा आणि मापाने शिवलेली शेरवानी वेगळी.

आणि नळी? तिथे खेळ जिवाशी आहे. दारू पेटली की क्षणभर आतमध्ये जो दाब होतो तो चांगल्या पोलादालाही जड जातो. आमच्याकडे चोरून बनणाऱ्या बंदुकांत पाण्याच्या पाइपापासून मिळेल ती नळी वापरतात, आणि फुटली की चालवणाऱ्याची बोटे आणि डोळे जातात. इंग्रजांनी या बाबतीत एक पद्धत फार आधी बसवली. लंडनच्या बंदूक कारागिरांच्या संस्थेला १६३७ मध्ये सनद मिळाली. नळी विकण्याआधी नेहमीपेक्षा जास्त दारू भरून दूर ठेवून उडवायची, टिकली तर तिच्यावर शिक्का मारायचा. बर्मिंगहॅमला असे चाचणीघर १८१३ मध्ये कायद्याने आले. सोन्याला हॉलमार्क तसा नळीला हा शिक्का. गिऱ्हाईक त्या शिक्क्याला पैसे देतो. घरामागच्या शेडमध्ये कितीही मोठा उस्ताद बसला तरी हा शिक्का त्याच्यापाशी नसतो.

काम गेले कुठे

आमच्या या करवीर मुलखात किल्ले होते, शिबंदी होती, म्हणजे शस्त्र घडवणारे व दुरुस्त करणारेही होते. १८४४ मध्ये सामानगडापासून गडकऱ्यांचा उठाव झाला. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरातील २७ व्या पलटणीने बंड केले. दोन्ही वेळा इंग्रजांनी ते मोडले आणि नंतर लोकांच्या हातातली शस्त्रे काढून घेण्याचे धोरण देशभर आले. १८७८ च्या शस्त्र कायद्याने तर हिंदी माणसाला परवाना सक्तीचा केला आणि युरोपियनांना मोकळीक ठेवली. ज्या घरात तलवारीला पाणी देत त्या घरात विळे, अडकित्ते, वस्तरे आणि कात्र्या आल्या. शिकलगार चाचांचे आजोबा जत्रेतून चाक घेऊन फिरत, असे ते सांगतात. त्याआधीचे त्यांना ठाऊक नाही.

हे काम जिथे टिकले तिथे ते परवान्याच्या कुंपणात टिकले. बिहारमधील मुंगेर हे त्याचे मोठे उदाहरण. मीर कासिमने १७६० च्या दशकात तिथे राजधानी नेली, गुर्गिन खान या आर्मेनियन सरदाराच्या देखरेखीत शस्त्रांचा कारखाना उभा केला. नवाब हरला, पण कारागीर तिथेच राहिले. आजही मुंगेरला परवानाधारक बंदूक कारखाने आहेत, एकाच आवारात, पहाऱ्यात. त्याच मुंगेरचे नाव चोरट्या पिस्तुलांसाठीही वर्तमानपत्रांत येते. परवानगीचे काम कमी झाले की कुशल हात रिकामे होतात, आणि रिकाम्या हातांना काम देणारे गिऱ्हाईक रात्री येते. मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या काही शीख शिकलगार वस्त्यांचीही हीच कहाणी आहे. दोन-चार जणांच्या धंद्यामुळे सगळ्या जमातीकडे पोलीस संशयाने पाहतात. आडनाव तेच असलेल्या आमच्या लोकांनी हे डोळे उघडे ठेवून वाचावे.

कायदा काय म्हणतो

वकिलांनी आमच्यासमोर शस्त्र अधिनियम १९५९ उघडून ठेवला. हा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आहे. त्यात एक गोष्ट वाचून आम्हाला नवल वाटले. कलम १३ मध्ये ठासणीच्या बंदुकीचा नाव घेऊन उल्लेख आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी शेतकऱ्याला अशी बंदूक हवी असेल तर परवाना देण्याची तरतूद आहे. राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या पट्ट्यांत गवा आणि रानडुक्कर एका रात्रीत उसाचे आणि भाताचे काय करतात ते त्या शेतकऱ्यालाच विचारावे. त्याची गरज खरी आहे. म्हणजे मालाला कायदेशीर गिऱ्हाईक आहे. (बंदूक ठेवण्याचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. १९७२ चा वन्यजीव कायदा वेगळा, आणि तोही कडक आहे.)

पण घेणाऱ्याचा परवाना वेगळा आणि बनवणाऱ्याचा वेगळा. कलम ५ प्रमाणे शस्त्र बनवणे, विकणे, त्यात बदल करणे, दुरुस्त करणे, इतकेच नव्हे तर त्याची चाचणी घेणे, या सगळ्याला परवाना लागतो. दुरुस्तीलाही! आमचे कितीतरी कारागीर समजतात की जुन्या बंदुकीचा घोडा बसवून दिला तर काय बिघडले. बिघडते. बंदूक ठासणीची आहे की मागून भरायची, याने काही फरक पडत नाही. आणि बनवण्याचा परवाना घ्यायचा तर २०१६ च्या शस्त्र नियमांत जागा, साठवण, पहारा, नोंदवह्या यांची जी यादी आहे ती घरामागच्या शेडला झेपणारी नाही.

शिक्षा विचाराल तर, १४ डिसेंबर २०१९ पासून दुरुस्ती अमलात आली आहे. विनापरवाना शस्त्र बनवणाऱ्याला पूर्वी तीन ते सात वर्षे होती. आता किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप. त्या मुलाचे वय सव्वीस. लेथचे साठ हजार आम्ही देणार होतो, म्हणजे त्या खटल्यात आमचे नावही कुठेतरी आले असते. वकिलांनी हे शांतपणे सांगितले. आम्ही चहा तसाच ठेवून उठलो.

कुणी म्हणेल की कोडगूमध्ये तर घरोघर बंदुका आहेत. बरोबर आहे. कर्नाटकातील कोडगूच्या कोडव लोकांना व जम्मा जमीनधारकांना १८६१ पासून परवान्यात सूट मिळत आली आहे. २०१९ मध्ये केंद्र सरकारने ती २०२९ पर्यंत वाढवली. कैलपोळ्दच्या सणाला ते बंदुकांची पूजा करतात. पण ही सूट बाळगण्याची आहे, बनवण्याची नाही, आणि ती त्यांच्या जागेची, त्यांच्या इतिहासाची आहे. तिच्यावर आमच्या शेडचा हिशोब बसवता येत नाही.

अमेरिकेतला घरगुती कारखाना

हाच हुन्नर अमेरिकेत दिवसाढवळ्या चालतो. तिथे १९६८ च्या बंदूक कायद्यात ठासणीच्या जुन्या पद्धतीच्या बंदुका पुरातन वस्तूंत मोडतात, त्यामुळे केंद्राच्या कायद्याने घरी एखादी बनवायला परवाना लागत नाही. (काही राज्यांचे नियम वेगळे आहेत.) १९३३ मध्ये ठासणीच्या नेमबाजांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. इंडियाना राज्यातील फ्रेंडशिप नावाच्या छोट्या गावात त्यांचे मेळे भरतात. व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग या जुन्या शहरात वॉलेस गस्लर नावाच्या कारागिराने लोखंडाच्या पट्टीपासून सुरुवात करून पूर्ण रायफल अठराव्या शतकातील हत्यारांनी घडवली. त्यावर १९६९ मध्ये एक माहितीपट निघाला आणि तो पाहून अनेकांनी आपल्या गॅरेजमध्ये ऐरण मांडली. १९९६ मध्ये अशा कारागिरांची वेगळी संघटनाही झाली.

आम्हाला त्यातला धंद्याचा भाग लक्षात घेण्यासारखा वाटतो. तिथला कारागीर नळी बहुधा विकत घेतो. ज्याचा नळीचाच कारखाना आहे त्याच्याकडून, चाचणीची जबाबदारी त्याची. कळीचे सुटे भागही मिळतात. कारागीर आपला वेळ घालतो दस्त्यावर, जोडणीवर, पितळेच्या व चांदीच्या नक्षीवर. एका बंदुकीला दोनशे तास सहज जातात आणि किंमत कित्येक हजार डॉलर येते. नळीवर किंवा दस्त्यावर तो आपले नाव कोरतो. वीस वर्षांनी ती पुन्हा विकली गेली तर त्या नावाने किंमत वाढते. इटलीत गार्दोने या खोऱ्यातल्या गावी १९५७ मध्ये सुरू झालेला पेदेर्सोली कारखाना अशाच जुन्या नमुन्यांच्या बंदुका जगभर पाठवतो. म्हणजे बाजार आहे. बंदूक म्हणून त्याची आम्हाला हौस नाही. पण तासांचा हिशोब ठेवणारा आणि मालावर नाव घालणारा कारागीर आमच्याकडे का नाही, हा प्रश्न मात्र आम्हाला सोडत नाही.

हात कमी नाहीत. याच कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी १९१८ च्या सुमारास स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा घडवला, आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेले साहेबमामा फत्तेलाल आमच्या कागलचे. हुपरीची चांदी, उद्यमनगरच्या फौंड्र्या, सगळे हातातूनच आले. पण नाव? २०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या शोमध्ये आमच्या चपलेसारखी चप्पल मॉडेलच्या पायांत घातली आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही. ओरड झाली तेव्हा कबूल केले. २०१९ पासून चपलेला भौगोलिक मानांकन आहे म्हणून निदान ओरडण्याला पाया तरी होता. ज्या कारागिराने चप्पल शिवली त्याचे नाव मात्र आजही तळव्यावर नसते. आम्ही स्वतः कापडाच्या थानावर गिरणीचा शिक्का पाहून भाव ठरवतो. मागावर बसणाऱ्याचे नाव इचलकरंजीत जाऊनही आम्ही कधी विचारलेले नाही. हा दोष आमचाही आहे.

पुढे काय झाले

मुलाला आम्ही नाही म्हटले. कारण सांगितले, कलमे सांगितली. त्याला राग आला. म्हणाला, "चाचा, तुम्ही माझ्या हाताला चोर म्हणताय." आगाऊ घेतलेले पाच हजार परत करायचे होते, तेही त्याच्याजवळ नव्हते. ते आम्ही दिले, आणि तो आमच्यासमोर फोनवरून नाही म्हणाला. मग चार महिने ते घर आमच्याकडे फिरकले नाही. शिकलगार चाचाही आले नाहीत. कात्र्या बोथट झाल्या, बाजारातून नवी आणली, ती पंधरा दिवसांत घसरू लागली. आम्ही निरोप पाठवला नाही, हे खरे तर आमचे चुकले.

आले ते चाचाच, रमजानच्या आधी. कात्री मागितली, काही न बोलता धार लावली, आणि जाताना म्हणाले, "त्याला काहीतरी काम सांगा."

काम सुचले ते रेंजवर. आमच्या भाच्याची मुलगी पिस्तुलाची नेमबाजी शिकते. कोल्हापूरला हे वेड नवीन नाही. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतले, आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला कांस्य मिळवले. रेंजवर मुले एअर पिस्तूल चालवतात. त्याला लाकडी मूठ असते आणि ती हातात मोजून बसावी लागते, प्रत्येक बोटाला वेगळी खाच, तळव्याला टेकू. अशा मुठी परदेशातून येतात आणि बारा-तेरा वर्षांच्या पोरीच्या हाताला मोठ्या होतात. पालक त्याला चिकणमाती आणि टेप लावून वेळ भागवतात.

दस्ता आणि मूठ, काम तेच. काजळी, पटाशी, मुरलेले लाकूड आणि हाताचे माप. मूठ म्हणजे लाकडाचा तुकडा, नळी नाही, कळ नाही. तरीसुद्धा आम्ही त्याला वकिलांकडून अर्ज लिहून घ्यायला लावला आणि जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारणा करायला सांगितली. अर्जाची पोच त्याने शेडमध्ये काचेत लावली आहे. आमचा सर्व कारागीर भावांना सल्ला हाच आहे. पुराणवस्तू, नाटक-सिनेमासाठी न उडणारी नक्कल, तलवार, असे काहीही असो, तोंडी 'चालतंय हो' यावर विसंबू नका. कागद घ्या. नऊ इंचांपेक्षा लांब पात्यालाही नियम आहेत हे मर्दानी खेळाच्या आखाड्यांना तलवारी पुरवणाऱ्यांनी विसरू नये. आणि जुन्या बंदुकीचेच काम करायचे असेल तर परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे, त्याच्या दुकानात, त्याच्या नोंदवहीत करा.

साठ हजार त्याला दिले, ते २०२४ च्या ऑगस्टमध्ये. लेथ नाही घेतला. अक्रोड आणि शिसवीचे लाकूड, चांगल्या पटाश्या आणि शेडला सिमेंटची फरशी, यात गेले. हाताचे माप घेण्यासाठी तो ओल्या मातीचा गोळा मुलाच्या मुठीत दाबायला देतो. एका मुठीला सुरुवातीला अठरा-वीस तास लागत. आम्ही त्याला एक वही दिली, प्रत्येक मुठीचे तास त्यात लिहायचे आणि भाव त्यावरून काढायचा, शेजारचा काय घेतो यावरून नाही. हे त्याला अजून जड जाते. दोनदा त्याने ओळखीच्या माणसाला लाकडाच्या किमतीत मूठ दिली आणि आम्ही वही पाहिली तेव्हा मान खाली घातली.

मुठीच्या आतल्या बाजूला, जिथे दिसत नाही तिथे, तो आपले आडनाव आणि कोल्हापूर असे कोरतो. बाहेरून कोर म्हटले तर लाजतो.

२०२५ च्या आषाढात एक मूठ परत आली. पावसाने लाकूड फुगले होते आणि स्क्रू बसत नव्हता. लाकूड पुरते मुरले नव्हते हे त्याने लगेच कबूल केले, नवी करून दिली, पैसे घेतले नाहीत. वहीत त्याने ते तास लाल शाईने लिहिले आहेत. आमचे साठपैकी सत्तावीस हजार आले आहेत, तेहतीस बाकी. कात्र्यांना धार अजून चाचाच लावतात.